हिवराखालचं विरजण

जमिनीवरची भांडणं तलाठी बघतो, जमिनीखालची मी. माझ्या ओळखपत्रावर ‘जाळमापक, वर्ग तीन’ असं छापलंय, पण गावात जीप शिरली की पोरं ओरडतात, ‘मुळंवाल्या बाई आल्या.’ नाव शिवलीला पुकळे. आईनं हे नाव ठेवलं तेव्हा वाडीतल्या बाकी सगळ्या मुलींची नावं दोन-तीन अक्षरी आणि गुळगुळीत होती. चारचौघींसारखं काही करायचं नाही हा आईचा स्वभाव. तो आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते त्याच्यामुळं झालं, आणि थोडं माझ्यामुळं.

आधी कामाचं सांगते. हिवर, बाभूळ, खैर ही माळावरची झाडं मुळं किती खोल नेतात याला सुमार नाही. एका हिवराचं मूळ आम्ही बहात्तर फुटांवर गाठलंय. तिथं मुरमात ओल असते. दिवसभर पानं ते पाणी वर ओढतात. सूर्य मावळला की पानांची छिद्रं मिटतात, पण पाण्याचं चढणं थांबत नाही. वरची माती कोरडी ठाक असते आणि वात तेल ओढते तशी ती पाणी ओढून घेते. त्यामुळं झाडाच्या वरच्या मुळांतून ते मातीत झिरपतं. थोडक्यात, झाड रात्रभर आपल्याच पायाशी पाणी सांडत असतं.

ते सांडलेलं गोळा करते बुरशी. पावावर येते ती नव्हे. मुळांत घर करून राहणारी, केसापेक्षा बारीक धाग्यांची. जिथं मूळ शिरू शकत नाही तिथं हा धागा शिरतो, पाणी आणतो, स्फुरद आणतो आणि ज्या ज्या झाडाच्या मुळाला तो जोडलेला असतो त्याला देतो. फुकट नाही हं. उन्हातून साखर करणं झाडाला येतं, बुरशीला येत नाही, म्हणून ती मोबदल्यात साखर घेते. एकच जाळं दहा-दहा झाडांच्या मुळांत शिरलेलं असतं, आणि बांध कुठं आहे, गट नंबर काय, सातबारा कुणाच्या नावावर, यातलं त्याला काही कळत नाही.

हे पुस्तकांत पूर्वीपासून होतं. नवीन निघाली ती मोजायची रीत. पाण्याचा एक जड भाऊ असतो, दिसायला अगदी तसाच. त्याचे चार थेंब मी झाडाच्या मुळाला टोचते आणि भोवताली पाझरकाठ्या रोवते. दुसऱ्या दिवशी कुठल्या काठीला ते जड पाणी लागलं ते बघायचं, म्हणजे कोण कुणाला पाजतंय ते नकाशावर उमटतं. पाच वर्षांपूर्वी कायदाही झाला. भोवतालच्या दहा झाडांना पाजणारं झाड ते ‘पोशिंदं झाड’. एकदा त्याची नोंद झाली की ते तोडता येत नाही आणि त्याच्या शंभर फुटांत चर खणता येत नाही.

कायदा करणाऱ्यांना वाटलं होतं, लोकांना समजलं की लोक झाडं जपतील. लोकांनी आधी भांडणं जपली. एका गावात माझ्या नकाशावरून ठरलेली सोयरीक मोडली. नवऱ्या मुलाच्या बापाचा आंबा मुलीच्या बापाच्या चिंचेवर जगतो असं निघालं, आणि मुलाकडचे म्हणाले, आता मानपान मागायचा कुठल्या तोंडानं? दुसऱ्या गावात दोघं भाऊ आपापलं झाड मिठी मारून उभे राहिले. मी हसायचे. दुसऱ्याच्या घरचं असलं की हसू येतंच.

आमच्या परवान्यावरचं पहिलं कलम असं आहे की नात्यातल्या माणसाच्या जमिनीची मोजणी करायची नाही. ते मी कधी मोडलं नव्हतं, कारण मोडायची वेळच आली नव्हती.

आमची वस्ती माण नदीच्या अंगाला. नदी म्हणायचं आपलं, पात्रात आता वाळूसुद्धा धड राहिली नाही. बापू, म्हणजे माझे वडील, आणि धाकटे चुलते वेगळे झाले तेव्हा मधे बांध पडला. अलीकडची जमीन आमची, पलीकडची चुलत्यांची. चुलते लवकर गेले. आता पलीकडं शालनकाकी एकटी असते, वीस-बावीस मेंढरं घेऊन. बांधालगत तिच्या हद्दीत एक जुना हिवर आहे, आणि अलीकडं आईची पन्नास डाळिंबं. आजूबाजूची बाग करपली तरी आईची हिरवी असायची. लांबून लोक बघायला यायचे. विचारायचे, काय करता? आई कमरेवर हात मारून दाखवायची. ठिबकची टाकी आटली की सरकारी टँकरच्या हौदावरून ती घागरीनं पाणी वाहायची, पासष्टाव्या वर्षीसुद्धा.

हिवराला आमच्याकडे कुणी चांगलं म्हणत नाही. त्याच्या सावलीत निजू नये, लग्न ठरवू नये. हिवराखाली बसलेला माणूस खरं बोलत नाही, असं सगळी वाडी मानते. निवाड्याला बसायचं झालं तर माणसं उन्हात बसतील, पण हिवराखाली बसणार नाहीत. बापू तेवढे कुणाचं ऐकायचे नाहीत. दुपारी त्याच झाडाखाली पाठ टेकायचे. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी टेकले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. आईनं हिवर सांगितला.

आई त्या दिवशी काकीला म्हणाली, झाड पाड. काकी म्हणाली, मेंढरांना दुसरी सावली नाही. तिथून दोघींचं बोलणं बंद झालं.

मग सुरू झाला चर. बांधावरच्या झाडाचा पिकाला वसवा लागतो, म्हणजे झाडाच्या आसपासचं पीक खुरटतं, असं आमच्याकडे धरून चालतात. म्हणून पेरणीआधी बांधालगत दोन फूट चर खणून शेजारच्या झाडाची मुळं तोडायची रीत आहे. बापू असेपर्यंत आमच्यात कुणी खणला नव्हता. ते गेल्यावर आई दर आखितीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, कुदळ घेऊन खणायला लागली, आणि आठ दिवसांत काकी तो बुजवायला लागली. एकीनं खणायचं, दुसरीनं भरायचं. असं अकरा वर्षं चाललं होतं.

यंदा चैत्रात मी चार दिवस सुट्टीवर गेले होते. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "औंदा मशीन सांगितलंय. साखळीचं. सहा फूट खोल जातंय म्हनं. बघू आता ती शालन किती बुजवतीया."

"सहा फूट कशाला गं?"

"मुळासकट जाऊ दे एकदा. नवरा खाल्ला माझा, आता बाग खाईल."

घास माझ्या तोंडातच राहिला. उघड्या माळावर, तीस फुटांवर हिवर, आणि त्याच्या शेजारी न करपणारी बाग. दुसऱ्या कुणाच्या रानात हे दिसलं असतं तर मी जीपमधून उतरायच्या आधी निकाल सांगितला असता. आपल्या घरचं मात्र मी इतकी वर्षं नुसतं खात आले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई हौदावर गेल्यावर मी हिवराच्या मुळाला जड पाणी टोचलं आणि डाळिंबांत काठ्या रोवल्या. आई परत आली तेव्हा म्हणाले, कामाच्या काठ्या आहेत, तपासून बघतेय. त्याच्या पुढच्या पहाटे नकाशा उघडला. पन्नासपैकी एक्केचाळीस झाडांत हिवराचं पाणी होतं. मी दोनदा तपासलं. चुकीचं निघावं असं मला मनापासून वाटत होतं.

एक गोष्ट मात्र कळेना. जिथं दरवर्षी चर खणला जातो तिथं जाळं तुटलेलं असायला हवं होतं. उलट सगळ्यात दाट धागे नेमके चराच्या ओळीत होते. म्हणून मी बांध ओलांडून काकीकडं गेले. ती कोकराला बाटलीनं दूध पाजत होती.

"काकी, आईचा चर तू दरवर्षी का बुजवतेस?"

"का म्हंजी? कोकरं पडत्यात त्यात. त्या साली एकाचा पाय मोडला. तिला सांगावं तर ती बोलत न्हाय."

मला हसावं की रडावं कळेना. अकरा वर्षं आई ज्याला कुरापत म्हणत आली ते कोकराच्या पायासाठी होतं.

"आणि माती कुठली घालतेस? आईनं उपसलेलीच?"

"तिच्या ढिगाला हात लावला तर म्हनंल माती चोरली. ही हिवराखालची नेती. मेंढरं बसत्यात, लेंड्या पडत्यात, मऊ ऱ्हाती. दुसरीकडं कुदळ तरी बसती का?"

आता उलगडलं. हिवराच्या पायाची माती म्हणजे जिवंत धाग्यांनी भरलेली माती. आपण दुधाला विरजण लावतो तसं काकी दरवर्षी त्या चराला विरजण लावत होती. आई तोडत होती आणि ही न कळता पुन्हा सांधत होती. काकीलाही मी ते विरजणाचं तसंच सांगितलं. दोन फुटांचा चर होता म्हणून हे जमत होतं. सहा फुटांचा दीडशे फूट लांब चर भरणं काकीच्या हातचं नव्हतं.

त्या दुपारी मी आईला सगळं सांगितलं. बांधाकडं पाठ करून ती डाळिंबाची आळी नीट करत होती. मी बोलत गेले तसा तिचा हात हळू होत गेला आणि शेवटी थांबला.

"म्हंजी माझी बाग माझी न्हाय म्हन की," ती म्हणाली.

"तसं नाही गं आई."

"मग कसं? ही कंबर बघ. घागर ठिवून ठिवून हाडाला घट्टा पडलाय. ते पानी कुनी घातलं? हिवरानं? शालननं?" तिचा आवाज चढला. मग एकदम खाली येऊन तिनं विचारलं, "तुझी ती औषधाची सुई कुठं टोचलीस?"

"हिवराला."

"मग झालं. हिवराखाली मानूस खरं बोलत न्हाय, तुझी काठी काय बोलनार?"

ती उठून गेली. वादात आईच्या पुढं जाईल असा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझ्या हातात एक उपाय होता. नकाशा कार्यालयात नोंदवायचा. हिवर पोशिंदं झाड ठरला असता आणि दुसऱ्या दिवशी नोटीस येऊन मशीन थांबलं असतं. पण खाली सही माझी, जमीन आईची. परवाना गेला असता. आणि आईच्या बागेचं श्रेय तिच्या पोटच्या पोरीनं सरकारी कागदावर हिवराच्या नावानं लिहिलं असतं. मी सुट्टी संपवून निघाले. वाटेत स्वतःला नियम समजावत राहिले, की नात्यातल्या जमिनीची मोजणी करायचीच नव्हती, झाली ती चूक झाली, आता ती नोंदवून आणखी वाढवायची कशाला. सगळ्या थापा. मी भ्याले होते, नोकरीला आणि आईला, दोघांनाही.

आखितीनंतर तिसऱ्या दिवशी चर झाला. आईनं फोन करून मुद्दाम सांगितलं, एका तासात काम फत्ते.

सव्वीस दिवसांनी काकीचा फोन आला. ती मला एरवी फोन करत नाही.

"शिवू, तुझी आई पानी वाहून मरंल. तू ये."

मी पोहोचले तेव्हा आई हौदाकडून येत होती. डोक्यावर एक, कमरेवर एक. बागेत पानं गुंडाळून गेली होती, लिंबाएवढ्या झालेल्या डाळिंबांचा बुंध्याशी सडा पडला होता. आईनं घागर आळ्यात ओतली. मातीनं ते पाणी बघता बघता गिळलं. ती पुन्हा हौदाकडं वळली. तिची चाल एका बाजूला कलली होती.

चराशी गेले. एका टोकाला आठ-दहा फूट तो भरलेला दिसला. कडेला काकीचं घमेलं पडलं होतं. काकी आली आणि तिनं हात मागं घेतले, पण मी पाहिले. तळव्यांवर फोड फुटून चिघळले होते.

"आता काय तिथं कोकरू पडणार नाही काकी, इतकं खोल दिसतं त्यांना," मी म्हणाले.

"कोकराचं न्हाय," ती म्हणाली. "तू त्या दिशी विरजनाचं बोललीस न्हवं. म्हटलं बघावं. पन लई खोल हाय गं."

मला तिथंच रडू कोसळलं. साठी ओलांडलेली बाई घमेल्यानं सहा फूट दरी भरत बसली होती, आणि जिच्या हातात ती एका सहीनं थांबवायची सोय होती ती मी, तालुक्याला पंख्याखाली बसले होते. पुन्हा इथं कुणी खणू नये म्हणून जीपमध्ये जाऊन मी नकाशा नोंदवला. ‘जमीनधारकाशी नाते’ या रकान्यात लिहिलं, आई. अर्ध्या तासात कार्यालयातून फोन आला आणि तासाभरात माझा परवाना वर्षभरासाठी थांबवल्याचा आदेश. खरं सांगते, त्या वेळी त्याचं काहीच वाटलं नाही.

मग मी आईच्या हातातली घागर धरली. ती सोडेना. तशीच दोघी घागर धरून उभ्या राहिलो.

"आई, ऐक. त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. बुरशी फुकट पाणी देत नाही, तिला साखर लागते. ती साखर तुझी डाळिंबं देत होती. तू पाणी घातलंस म्हणून डाळिंबं जगली, त्यांनी साखर दिली म्हणून धागे जगले, आणि धागे होते म्हणून हिवराचं पाणी इथवर आलं. तुझी घागर नसती तर यातलं काहीच झालं नसतं."

"गोड बोलू नगंस."

"गोड नाही. बांधावर उभी राहून बोलतेय, हिवराखाली नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. घागरीवरची तिची पकड सुटली आणि ती मटकन खाली बसली. गळालेलं एक फळ तिनं उचलून हातात धरलं.

"चर भरला तर?" तिनं विचारलं.

"नुसत्या मातीनं भरून उपयोग नाही. खालचा भाग मशीननं भरू. वरच्या दोन फुटांत हिवराच्या पायाची माती लागेल आणि थोडी ओल. विरजणाशिवाय नाही लागायचं."

"म्हंजी तिच्याकडं मागाय लागंल."

"हो."

इथंच सांगून टाकते म्हणजे उगाच आशा नको. पन्नासातली एकोणीस झाडं वाचली नाहीत. उरलेल्या एकतीस झाडांत हिवराचं पाणी परत आलं की नाही ते मला मोजता आलं नाही, परवाना नव्हता. पण पुढच्या उन्हाळ्यात त्यांची पानं गुंडाळली नाहीत, आणि आईनं घागरी निम्म्या केल्या.

त्या दिवशी मात्र आई उठली आणि पाटी घेऊन बागेत गेली. मला वाटलं रिकामी पाटी घेऊन ती काकीकडं जाईल. ती वाकून गळालेली डाळिंबं वेचायला लागली. शेजारणीकडं रिकामं भांडं घेऊन जायचं नाही, हे तिच्या हाडातच होतं. पाटी भरली. चरावर टाकलेल्या फळीवरून ती सावकाश पलीकडं गेली, मी मागोमाग. अकरा वर्षांत तिनं तो बांध ओलांडला नव्हता.

काकी मेंढरांच्यात उभी होती. तिनं आईला येताना पाहिलं आणि जागची हलली नाही. आईनं पाटी खाली ठेवली.

"गळालेली हायती. मेंढरं खातील."

"खातील की."

मेंढरं पाटीत तोंड घालून मोकळी झाली.

"शिवू म्हनती हितली माती लागंल. विरजनाला."

"ने की," काकी म्हणाली. "खुरपं ढोलीत हाय. बुंध्याच्या ह्या अंगाची घे, मऊ हाय. भावजी बसायचे तितली."

आईनं ढोलीतून खुरपं काढलं आणि बापू पाठ टेकायचे तिथंच ती बसली. एक एक मूठ माती उकरून पाटीत टाकायला लागली. माती काळी होती, थोडी दमट, आणि बारीक पांढऱ्या धाग्यांनी धरून ठेवलेली. आईनं ती बोटांत घेऊन चुरली, वास घेतला. मान वर न करता ती म्हणाली,

"शालन, माझा तुझ्यावर कंदी राग न्हवता बग."

काकीचा चेहरा जराही हलला नाही.

"आक्का," ती म्हणाली, "हिवराखाली बसलीयास."

आईनं वर पाहिलं, झाडाकडं, मग काकीकडं. आणि ती हसली. बापू गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"मग उनात जाऊन सांगू व्हय?" पदराआडूनच तिनं विचारलं.

"नगं. कशाला उनात. बस हितंच," काकी म्हणाली, आणि दुसरं खुरपं घेऊन तिच्या शेजारी बसली.